कॉम्प्युटर नसलेल्या शाळेत कॉम्प्युटेशनल थिंकिंग : पोरं यातून विज्ञान-तंत्रज्ञानाकडे वळतील का?

खडूफळा | १४ जुलै, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. शाळेत एक कॉम्प्युटर आहे. तो ऑनलाइन माहिती भरण्यातच गुंतलेला असतो आणि पावसाळ्यात लाईनचा भरवसा नाही. म्हणून गेल्या वर्षापासून कॉम्प्युटरशिवायच कॉम्प्युटेशनल थिंकिंग शिकवायला घेतलं. मोठं काम लहान तुकड्यांत तोडायचं, त्यात पुन्हा पुन्हा येतंय काय ते हेरायचं, नको ती माहिती बाजूला सारायची आणि दुसऱ्या कोणालाही जमेल अशा पायऱ्या लिहायच्या, एवढंच.

पटांगणात चुन्यानं चौकटी आखल्या. एक पोरगं ‘यंत्र’ होतं, बाकीचे त्याला चिठ्ठीवर हुकूम लिहून देतात: दोन घरं पुढे, डावीकडे वळ, समोर दगड असेल तर थांब. यंत्रानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, लिहिलं तेवढंच करायचं. दुसरा खेळ मनातल्या संख्येचा. एकानं १ ते १०० मधली संख्या धरायची, बाकीच्यांनी हो-नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. सुरुवातीला ‘४७ आहे का? ६३ आहे का?’ असंच चालायचं. मग एका मुलीनं ‘५० पेक्षा मोठी आहे का?’ विचारलं आणि वर्गाच्या लक्षात आलं की दर प्रश्नाला निम्म्या संख्या बाद करता येतात. सात प्रश्नांत कोणतीही संख्या सापडते. १ ते १००० घेतल्या तरी दहाच प्रश्न लागतात, हे पोरांनीच वहीत अर्धं-अर्धं करत काढलं.

वर्गात जीव ओतून खेळतात. पण मोठं होऊन काय व्हायचं विचारलं की उत्तरं ठरलेली: पोलीस, मिलिटरी, नर्स, मास्तर. या कामांबद्दल मला मनापासून आदर आहे, पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावणारी आमचीच माजी पोरं रोज दिसतात. पण इंजिनीअर, संशोधक, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, असं एकाही तोंडून निघत नाही.

या खेळांतून लागलेली गोडी पुढच्या वाटेपर्यंत न्यायची कशी? कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा. विरोध असेल तर तोही लिहा.

कापूसकोंडा | १४ जुलै, रात्री १०.०५

मनातल्या संख्येचा खेळ आत्ताच पोरीसोबत खेळलो. तिला शंभर पुरेना, थेट लाखावर गेली. सतरा प्रश्नांत संख्या सापडली, तोवर भाकरी गार. बायको म्हणते, हे सर कोण आहेत ते मला दाखवा.

जुनी_पाटी | १५ जुलै, सकाळी ६.५०

खडूफळा सर, तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. तीस वर्षं याच खात्यात काढली. पाचवीतल्या किती पोरांना हातच्याची वजाबाकी येते, दुसरीचा धडा अडखळता वाचता येतो, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यात मास्तरामागे निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी. दर दोन वर्षांनी एक नवा उपक्रम येतो, फोटो निघतात, अहवाल जातो, पुढच्या वर्षी त्याचं नावही कोणी काढत नाही. आधी वाचन आणि चार क्रिया पक्क्या होऊ द्या. पाया भरला की वरचं काम आपोआप होतं.

खडूफळा | १५ जुलै, दुपारी ४.४०

जुनी_पाटी सर, मी हे भागाकारापासूनच सुरू केलं.

६१२ भागिले ६ द्या. अर्धा वर्ग १२ उत्तर काढतो. पाढा येतो, वजाबाकी येते, तरी १२. मी चूक सांगितली नाही. म्हटलं, तुम्ही जे करता ते पायऱ्यांत लिहा आणि बाजूच्याला द्या, त्यानं तुमच्या पायऱ्यांनीच गणित सोडवायचं. सगळ्यांनी लिहिलं: भाग लाव, गुणाकार कर, वजा कर, पुढचा अंक खाली घे, पुन्हा पहिल्यापासून. बाजूचा १ खाली घेऊन बसला. एकात सहाचा भाग जातच नाही. आता काय? कागदावर पायरीच नाही. मग एकानं ओळ घातली: ‘भाग जात नसेल तर वर ० लिही आणि पुढचा अंक घे.’ उत्तर १०२. पडताळा घ्यायचा तर १२ गुणिले ६ म्हणजे ७२ होतात, ६१२ कुठले? तेही त्यांनीच फळ्यावर येऊन मांडलं.

माझ्या दृष्टीनं हाच पाया आहे. पोरगं ‘मला गणित येत नाही’ म्हणायचं थांबतं आणि ‘माझ्या तिसऱ्या पायरीत गडबड आहे’ म्हणायला लागतं. वेगळा तास लागत नाही, वेगळा अहवालही नाही.

मुक्काम_पोस्ट_हिंजवडी | १५ जुलै, रात्री ११.१५

सर, या शेवटच्या परिच्छेदासाठी खास लॉगिन केलं. मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दिवसातला बराच वेळ आम्ही हेच करतो. कोड लिहिण्यापेक्षा चुकीची पायरी शोधण्यात जास्त तास जातात.

थोडी पार्श्वभूमी देतो. १९६७ मध्ये सेमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी लहान मुलांसाठी लोगो ही कॉम्प्युटरची भाषा तयार केली. तुमच्या पटांगणातलं ‘यंत्र’ म्हणजे त्यातल्या हुकमावर चालणाऱ्या कासवाचाच भाऊ. पुढे २००६ मध्ये कॉम्प्युटर शास्त्रज्ञ जनेट विंग यांनी मांडलं की हा विचार फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, वाचन-लेखन-गणितासारखा तो प्रत्येकाला यायला हवा. कॉम्प्युटरशिवाय शिकवायच्या खेळांवर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी नव्वदच्या दशकापासून काम केलं आहे. आपल्याकडे एसीएम इंडिया या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेचा सीएसपाठशाला हा उपक्रम २०१६ पासून शाळांसाठी असंच साहित्य तयार करतो आणि बेब्रास स्पर्धाही घेतो. ही स्पर्धा २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झाली. तिच्यात पाठांतराचं काही नसतं, निव्वळ डोकं लढवायचे प्रश्न. मराठीतही मिळतात. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करून घेणाऱ्या सरांना तर ते नक्की आवडतील.

नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्येही याचा उल्लेख आहे आणि सहावीपासून कोडिंगचाही आहे. त्याचा फायदा घेऊन पालकांना घाबरवणाऱ्या महागड्या क्लासेसच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. आठ वर्षांच्या पोरानं ॲप बनवलंच पाहिजे असं काही नाही. खडूफळा सरांचं चुन्याचं पटांगण मला त्याहून मोलाचं वाटतं.

आणि पोरांना एक नाव जरूर सांगा. परम या महासंगणकामागचे विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. इंजिनीअरिंग नागपूरला केलं आणि १९९१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेत परम ८००० उभा राहिला.

अष्टाचंगा | १६ जुलै, सकाळी ८.१०

पटांगण कशाला हवं, ओट्यावरचा अष्टाचंग्याचा पट आहे की. चार चिंचोके फोडून त्यांच्या पांढऱ्या-काळ्या बाजूंनी खेळायचं. चारही पांढरे तर चौक, चारही काळे तर अष्टा. पोरांना विचारा, दोन पांढरे जास्त वेळा का पडतात आणि अष्टा इतका दुर्मीळ का? चार चिंचोके १६ तऱ्हांनी पडू शकतात. दोन पडायच्या तऱ्हा सहा, अष्ट्याची एकच. सहावीतलं पोरगं हे लिहून काढू शकतं.

कापूसकोंडा | १६ जुलै, सकाळी ८.३५

आमच्या आजीचे चिंचोके या हिशेबात बसत नाहीत. तिला पाहिजे तेव्हा अष्टा पडतो.

अष्टाचंगा | १६ जुलै, सकाळी ८.४०

मग आजीचे चिंचोके तपासायला घ्या. वर्गात प्रत्येकानं टाकून नोंदी ठेवायच्या आणि हिशेबाशी ताडून बघायचं. फोडलेला चिंचोका नाण्यासारखा दोन्हीकडे सारखा पडत नाही, एका बाजूला कलतो. तो किती कलतो ते मोजणं हाच मोठा धडा आहे.

ओलीत | १६ जुलै, रात्री ९.००

गुरुजी, राम राम. मी मास्तर नाई, कास्तकार हाय, अकोट तालुक्यात वावर हाय. तुमचा धागा पोराच्या मोबाईलवर वाचला.

२०१७ ले गुलाबी बोंडअळीनं कपाशीची जी वाट लावली ते इकडचा कोणताच कास्तकार इसरला नाई. त्याच साली यवतमाळकडं फवारणीच्या इषबाधेनं माणसं गेली. तवापासून आमच्या घरी अंदाजानं फवारा बंद. पेरणीनंतर ४५ दिवसांनी कामगंध सापळे, म्हंजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, लावाचे, हेक्टरी पाच. रोज सकाळी पतंग मोजाचे. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ या त्याहून जास्त पतंग आले तरच फवारणी.

माहं पोट्टं सातवीत हाय. मागच्या हंगामात सापळ्याची वही त्याच्याकडं देल्ली. आकडे आले ९, ८, ७, १०, ८, ८. चौथ्या दिवशी शेजारच्या धुऱ्यावरचे काका म्हणे, चारात तीनदा आठ भरले, मार फवारा. पोट्टं म्हणे, काका, ‘सलग’ म्हणलं हाय. ७ आला का मोजणी पुन्हा शून्यावर. सहाव्या दिवशी तीन पुरे झाले तवा म्हणे, बाबा, आता. काका त्याच्या तोंडाकडं पायतच रायले.

तुम्ही जे शिकवता ते हेच का?

खडूफळा | १६ जुलै, रात्री ९.२५

ओलीत भाऊ, अगदी हेच. मोजत राहायचं, अट मोडली की शून्यावर यायचं, तीन भरले की सांगायचं. यंत्राला हेच लिहून देतात. तुमच्या परवानगीनं हे आकडे उद्या फळ्यावर घेतो.

ओलीत | १६ जुलै, रात्री ९.३०

घ्या ना गुरुजी. पोराले सांगतो, खुश होईन.

रोपवाटिका | १७ जुलै, दुपारी १.१५

अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते. ओलीत काकांच्या वहीत दोन गोष्टी जोडते. शिफारशीत ‘प्रति सापळा’ म्हटलंय. म्हणून पाचही सापळ्यांतले पतंग जोडून पाचानं भागायचं, एकाच भरलेल्या सापळ्यावरून घाबरायचं नाही. आणि फवारणीची अट एकटीच नसते. एकरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडायची. त्यात दहा टक्के, म्हणजे दोन बोंडं किडलेली निघाली, तरी नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. सापळ्याची अट किंवा बोंडांची अट, दोनपैकी एक पुरी झाली तरी पुरे. सर, मुलांना ‘आणि’ व ‘किंवा’ यातला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही. ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ लिहिलं तर अळी आत बोंड खाऊन जाईल आणि आपण सापळा भरायची वाट पाहत बसू.

लोखंडी_सायकल | १७ जुलै, संध्याकाळी ६.२०

मला वेगळीच काळजी आहे. मुळात पोरांना ‘पुढे न्यायचं’ म्हणजे गावाबाहेर न्यायचं ना? आमच्या गावात दहावीला पहिला येणारा प्रत्येक पोरगा पुण्यात गेला. घरं कुलूपबंद, म्हातारी माणसं राखण करतात. हुशार तेवढं बाहेर आणि उरलं ते शेतीत, हीच चाळणी तुम्ही आणखी बारीक करणार असाल तर माझा विरोध आहे.

मुक्काम_पोस्ट_हिंजवडी | १७ जुलै, रात्री १०.४०

लोखंडी_सायकल, तुमचं दुखणं मला माहीत आहे. कुलूपबंद घरांतलं एक माझंही आहे. पण विज्ञान-तंत्रज्ञान म्हणजे फक्त हिंजवडी, ही समजूतच आधी मोडायला हवी. नागपुरात कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, पर्यावरण संशोधनाची नीरी आहे. अकोल्याला कृषी विद्यापीठ. तालुक्याला माती तपासणी, जिनिंगमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रं सांभाळणारी माणसं, ड्रोननं फवारणी करणारी पोरं, महावितरणचे तंत्रज्ञ. ही कामं विदर्भातच आहेत, पण पोरांना ती करणारा माणूस दिसत नाही.

मोहफूल | १८ जुलै, सकाळी ७.३०

‘माणूस दिसत नाही’ यावर लिहिते.

माझी शाळा भामरागड तालुक्यात. मुलं घरी माडिया बोलतात, पहिली-दुसरीला मराठी त्यांना परकीच असते. कपाशीची उदाहरणं इथे चालत नाहीत. इथे धान, मोह आणि तेंदू. उन्हाळ्यात घरचे सगळे तेंदूपानं तोडायला जातात. ७० पानांचा पुडा, १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी. संकलन केंद्रावर पुडे ओळीनं मांडून मोजतात. कोणतंही पोरगं एका नजरेत शंभराचा गठ्ठा ओळखतं. आकड्यांची ही जाण ते शाळेत घेऊनच येतं, आपण ती फळ्यावर आणत नाही.

यंत्राचा खेळ मी शब्दांनी खेळत नाही, बाणांच्या चिठ्ठ्यांनी खेळते. बाणाला मराठी-माडिया काही लागत नाही. पहिल्यांदाच असं झालं की मराठीत मागे पडणारी मुलं वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. मग हुकूम त्यांनी आधी माडियात सांगितले, नंतर मराठीत लिहिले. त्यांची मराठीही त्यातून सुधारली, हे जुनी_पाटी सरांसाठी मुद्दाम सांगते.

आता खडूफळा सरांच्या प्रश्नाकडे. आमच्या भागात हिवताप फार. मुलांनी बोटाला सुई टोचून घेतलेली असते, तपासणीची पट्टी बघितलेली असते. त्या पट्टीचं मी कोष्टक करून घेतलं. नियंत्रणाची रेघ उमटली नाही तर पट्टीच बाद, पुन्हा तपासा. ती उमटली आणि तपासणीची रेघ नाही, तर त्या पट्टीवर हिवताप दिसला नाही. दोन्ही उमटल्या, तर उपचार सुरू. तीन शक्यता, तीन वाटा. पहिली अट आधी का तपासायची यावर मुलं खूप भांडली. शेवटी एक मुलगा म्हणाला, पट्टीच खोटी असेल तर तिचं पुढचं बोलणं ऐकायचं कशाला? त्यानंतर त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञ ताईंनी सूक्ष्मदर्शकातून रक्ताची काच दाखवली. एक मुलगी डोळा काढायलाच तयार नव्हती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘या ताई किती शिकल्या?’

मला वाटतं तुमचं उत्तर याच प्रश्नात आहे, सर. मुलीला काम आवडलं होतंच. ते काम करणारी बाई आपल्याच दवाखान्यात बसते, आणि तिथवर जायला अमुक इतकं शिकावं लागतं, हे त्याच दिवशी कळलं.

पाटीपेन्सिल | १८ जुलै, संध्याकाळी ५.५०

मोहफूल ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

मी वर्धा जिल्ह्यातली. आमच्याकडे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली. हातानं काम करता करता शिकायचं, टकळीवर सूत काढता काढता गणित. हातातल्या कामातून विचार, ही गोष्ट विदर्भाला नवी नाही. म्हणून सरांना एकच सुचवते, ‘तुकडे पाडणे, नमुना ओळखणे’ ही नावं आधी शिकवू नका. काम आधी, नाव मागाहून.

दुसरं मुलींबद्दल. मिश्र गट केले की खडू मुलाच्या हातात जातो आणि मुलगी सुंदर अक्षरात लिहून घेते. मी नेमून देते: आज पायऱ्या ठरवणारी ही, यंत्र होणारा तो, चूक शोधणारी ही, लिहिणारा तो. दर खेळाला कामं बदलतात. चूक शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त मान. मुलींना ते काम पहिल्यांदा मिळालं तेव्हा बारीकसारीक चुकाही सुटल्या नाहीत. आता मुलंच म्हणतात, तिला आमच्या गटात द्या.

सोल्डरगन | १८ जुलै, रात्री ९.४५

सगळं छान, पण यंत्राला हात लागलाच पाहिजे. मी तालुक्याच्या हायस्कूलात अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी स्वतः यंत्रं जोडून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, सांभाळतो. ही योजना २०१६ पासूनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. एका लॅबमध्ये मी सामान कपाटात कुलपाआड पाहिलंय, खराब होईल म्हणून. पोरांच्या हातून दोन सेन्सर जळाले तरी चालतील, कपाटात गंजायला नकोत.

मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, एक छोटा बोर्ड आणि एलईडी. माती सुकली तर दिवा लागतो. किती सुकली म्हणजे ‘सुकली’, हा आकडा पोरांनी वेगवेगळी माती आणून ठरवला. काळ्या कन्हारीचा वेगळा, नाल्याकाठच्या रेतीचा वेगळा. दिवा लागला तेव्हाचा त्यांचा आरडाओरडा पटांगणातल्या खेळात येत नाही. मुख्याध्यापक काय झालं म्हणून धावत आले.

शाळेत एक लॅपटॉप असेल तरी स्क्रॅच टाका, त्यात हुकमांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करता येतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं २००७ मध्ये आणलं, फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. आधी कागदावर पायऱ्या, मग लॅपटॉपवर पाळीपाळीनं. खडूफळा सर, तुमच्या जवळची अटल लॅब पोरांना दाखवता येते, आसपासच्या शाळांना बोलवावं असंच अपेक्षित आहे. कोणी नाही म्हणालं तर मला कळवा, मी मुख्याध्यापकांशी बोलतो.

निळी_गाडी | १९ जुलै, रात्री ८.१५

मी बुलडाणा जिल्ह्यातली. शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाव मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास योजनेच्या निळ्या एसटीवरून घेतलं, कारण ती गाडी नसती तर मी आठवीतच घरी बसले असते.

मला गणिताची आवड होती. सरांच्या वर्गातल्या पोरांनाही आहे असं दिसतंय. माझ्याकडे पत्ता नव्हता. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा असतो, तो झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे घरात, गल्लीत, शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या एका मॅडमनी दहावीच्या सुट्टीत चार मुलींना तंत्रनिकेतनाची कार्यशाळा दाखवायला नेलं. चौघींपैकी तिघी आज तंत्रशिक्षणात आहोत, चौथी बीएस्सीला.

दुसरी गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मुलं गोडी नाही म्हणून गळत नाहीत, कागदांपायी गळतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास. निकाल लागल्यावर सेतूवर रांग लागते आणि अर्जाची तारीख निघून जाते. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी एका दाखल्यापायी त्या वर्षी राहिली. नववीतच दाखले काढायला लावा, जे दरवर्षी नवे लागतात तेवढेच नंतर काढा. आणि आईवडिलांना सांगा की २०२४-२५ पासून, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. फी ऐकूनच ‘नको’ म्हणणारी किती घरं आहेत, मला माहीत आहे.

लोखंडी_सायकल | १९ जुलै, रात्री ९.१०

निळी_गाडी ताई, तुमचं शिक्षण पूर्ण झालं की तुम्हाला कुठे राहायचंय? खरंच जाणून घ्यायचंय.

निळी_गाडी | १९ जुलै, रात्री ९.४०

दादा, अजून ठरलं नाही. शेगाव-खामगावकडे काम मिळालं तर आनंदच आहे, नाही मिळालं तर पुण्याला जाईन. पण ते मी ठरवीन. आईला आठवीनंतर काही ठरवताच आलं नव्हतं.

लोखंडी_सायकल | १९ जुलै, रात्री ९.५५

मान्य. माझी गावाची काळजी कायम आहे, पण हे मान्य.

जुनी_पाटी | २० जुलै, सकाळी ७.०५

६१२ भागिले ६ काल नातवाला दिलं. त्यानं १२ काढलं. पायऱ्या लिहायला लावल्या. अर्ध्या तासानं स्वतःच ओरडला, ‘आजोबा, शून्य!’

वेगळ्या उपक्रमाला माझा विरोध आहेच. पण खडूफळा सर म्हणतात तसं गणिताच्या तासातच होणार असेल, तर आपल्या केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत यावर तासभर बोला. मी आमच्या केंद्रप्रमुखांच्या कानावर घालतो. आणि भाषण नको, शिक्षकांनाच यंत्र करा.

कापूसकोंडा | २० जुलै, सकाळी ७.२०

केंद्रप्रमुखांना यंत्र करून ‘दोन घरं पुढे, डावीकडे वळ’ सांगायची संधी मिळणार असेल तर मी स्वखर्चानं येतो.

खडूफळा | २० जुलै, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काय करणार ते लिहितो, तुम्ही दुरुस्त करा.

कपाशी सध्या लहान आहे. सापळे लागतील ऑगस्टमध्ये. ज्यांच्या घरी कपाशी आहे अशा सातवीच्या पोरांना ओलीत भाऊंसारखी वही देतो. ‘सलग तीन’ची मोजणी कोणाला दाखवायची नाही, नियम त्यांनीच लिहायचा आणि दुसऱ्या घरच्या आकड्यांवर चालवून बघायचा. फवारणी मोठ्यांनीच ठरवायची आणि करायची, सापळे पोरांनी मोठ्यांसोबतच बघायचे आणि फवारलेल्या वावरात पोरांनी पाय ठेवायचा नाही, हे पालकसभेत आधीच सांगतो. रोपवाटिका ताई, वर्गाशी एकदा फोनवर बोलाल का? त्यांना कृषी विद्यापीठात शिकणारी मुलगी कशी असते ते ऐकायचंय.

मोहफूल ताईंचं दवाखान्याचं उद्या विचारतो, आमच्या आरोग्य केंद्रातले तंत्रज्ञ ओळखीचे आहेत. पोरांनी प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायचे: दिवसभर काय करता, चूक झाली तर कशी सापडते, आणि इथवर यायला काय काय शिकलात. मधला प्रश्न माझा हट्ट आहे. वर्गात चूक शोधणारं पोरगं आणि प्रयोगशाळेत चूक शोधणारा माणूस एकच काम करतात, हे पोरांच्या कानावर त्या माणसाच्या तोंडून पडलं पाहिजे.

दाखल्यांचं हायस्कूलच्या सरांशी बोललो. नववीच्या वर्गासाठी दिवाळीआधी दिवस ठरवतोय.

ओलीत | २० जुलै, रात्री ९.५०

वहीत रकाने किती पाडाचे ते सांगा गुरुजी. आमच्या पोराचे मित्र इचारून रायले.

खडूफळा | २० जुलै, रात्री १०.००

भाऊ, तारीख, पाचही सापळ्यांचे पाच रकाने, बेरीज, सरासरी, आणि शेवटचा ‘सलग किती’. त्या शेवटच्या रकान्यात ०, १, २ किंवा ३ एवढेच आकडे येतील.

रोपवाटिका | २० जुलै, रात्री १०.१०

एक रकाना ‘शेरा’ ठेवा. पाऊस झाला, सापळा पडला, पिशवी फाटली, हे लिहिलं नाही तर त्या दिवशीचा शून्य खरा की खोटा ते नंतर कळत नाही. सर, शनिवारी दुपारी फोन चालेल, सकाळी माझं प्रात्यक्षिक असतं.

खडूफळा | २० जुलै, रात्री १०.१५

शनिवारी आमची शाळा सकाळची. पोरांना थांबवून घेतो, साडेबाराला फोन लावतो.